परग्रहावरचा डबा

रविवारी सकाळी आमच्या टीव्हीवर यान उडालं की बैठकीतली सगळी माणसं यानाकडे बघायची. कमल सोमकुवर बाई तेवढ्या यानाच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बघायच्या. यान टांगलेली तार दिसते का ते.

"दिसली," त्या हळूच म्हणायच्या. "डाव्या अंगाले. दोन हायेत."

मग शेजारचं एखादं पोरगं कुरकुरायचं, "बाई, मजा घालवता तुमी."

"घालवून नाई राहिली रे. माही मजा इथूनच सुरू होते."

आम्ही दोघी तेव्हा सौंसरच्या एका छोट्या खासगी मुलींच्या शाळेत शिकवत होतो. त्या विज्ञान, मी मराठी. ती शाळा आता राहिली नाही. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. नागपूरचं प्रक्षेपण पकडायला आमच्या छपरावर घरापेक्षा उंच लोखंडी पाईप उभा केला होता आणि वारं सुटलं की माझे यजमान वर चढून तो फिरवत. खालून आम्ही ओरडायचं, "आलं, आलं... गेलं." आमच्या गल्लीत टीव्ही आमच्याकडेच होता, म्हणून रविवारी सकाळी वीसेक माणसं यायची. बाई सतरंजीवर बसत नसत. स्वयंपाकघराच्या दाराशी एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर बसायच्या. मांडीवर वही.

ठेंगण्या, सावळ्या, जाड काचांचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात पेचकस, लोहचुंबक, एक भिंग, सुतळीचा गुंडा. त्यांची एक सवय सगळ्या सौंसरला माहीत होती. हातात कोणतीही वस्तू दिली की त्या आधी ती उलटी करून बघायच्या. डबा, खुर्ची, लग्नात आहेर आलेलं घड्याळ, काहीही. "वरून तं सगळेच चांगले दिसतात," त्या म्हणायच्या. "बनवणाऱ्याची सही खाली असते." मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावरचा नवा पृथ्वीचा गोल त्यांनी असाच उलटा केला आणि तो दांड्यातून निसटून व्हरांड्यात घरंगळत गेला. सोमकुवर बाई गोल उचलून आणताना म्हणाल्या, "आतून पोकळ हाय, बाई. दोन वाट्या चिकटवल्या हायेत." जणू चांगली बातमी देत होत्या.

त्यांचं माहेर सावरगावचं. पांढुर्ण्याच्या समोर, जाम नदीच्या पलीकडे. वडील शेतमजूर, पण पोरीला शिकवायचं हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं, आणि घरात पंचशीलाच्या तसबिरीखाली बाईंची मॅट्रिकची गुणपत्रिका चौकट करून लावलेली मी पुढे पाहिली. त्यांचे यजमान पांढुर्ण्याला पोस्टात. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या बसनं जायचे. मूल नव्हतं. होऊन गेलं होतं, एवढंच मला माहीत होतं. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि मी विचारत नसे.

त्या मालिकेचं नाव मी सांगत नाही. हिंदी होती. पाच माणसांचं एक पथक दर रविवारी नव्या ग्रहावर उतरायचं, तिथल्या लोकांचं काहीतरी भलं करायचं आणि परत यानात बसायचं. पोरं तिच्यासाठी वेडी झाली होती. बाईंच्या वहीत तिच्यासाठी दोन रकाने होते. डावीकडे 'दिसते काय', उजवीकडे 'असंल काय'. यानाच्या भिंतीवरची खोल खोल भोकं म्हणजे अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, उलटे लावून रंगवलेले. उघडझाप करणारे दिवे म्हणजे टॉर्चचे बल्ब, कारण एक बल्ब पिवळा पडत चालला होता आणि पुढच्या भागात तो बदललेला दिसला. आपोआप सरकणारं दार कोणीतरी मागून ओढतं, कारण एकदा दार अर्ध्यात अडकलं आणि एक क्षण चार बोटं दिसली. ती बोटं बाईंशिवाय कोणाला दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी मला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगितलं, "अवो, बोटात अंगठी होती. कोणाचा तरी नवरा ओढून राहिला दार."

एका भागानंतर त्या स्टुलावरून उठल्याच नाहीत. बैठक रिकामी झाली तरी बसून.

"काय झालं?" मी विचारलं.

"सहा ग्रह झाले. एकाबी ग्रहावरचं माणूस तोंडानं बोललं नाई. सगळे मनातल्या मनात बोलतात अन् मागून आवाज येते. असं काऊन?"

"पुढारलेले असतील ते."

"नाई वो. बोललं का पैसे जास्त पडत असतील."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच सुमाराला त्यांनी डब्याचा धडा घेतला. यानात एक शक्तिवर्धक पूड असायची, पाण्यात कालवून प्यायची. तिचं नाव मी इथे बलकांती ठेवते. थकलेला कप्तान दर भागात एकदा तरी ती प्यायचा आणि डबा यानात अधांतरी तरंगत असायचा. बाईंनी आठवीच्या वर्गात तसाच एक रिकामा डबा छताच्या कडीला सुतळीनं टांगला आणि मुलींना विचारलं, "यानात वजन लागत नाई. मंग डबा कसा फिरला पाह्यजे?"

मुली फुंकर मारत गेल्या, डबा फिरत राहिला. कधी तळ दिसायचा, कधी पाठ, कधी जोड. नावाची बाजू क्वचितच समोर येऊन थांबायची.

"अन् टीव्हीवर तं नाव नेमी आपल्याच कडं. कसं?"

मोहगावहून रोज बसनं येणारी वंदना नावाची मुलगी होती. कमी बोलायची. ती उठून म्हणाली, "बाई, त्या डब्याले एक नाई, दोन दोऱ्या असतील."

मागच्या बाकावरची दुसरी म्हणाली, "नावाचे पैसे भेटत असतील बाई."

बाईंचा चेहरा असा उजळला की मी व्हरांड्यातून जाताना थांबले. "दोघींचंबी बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "एकीनं कसं ते सांगितलं, दुसरीनं काऊन ते सांगितलं. एवढंच तं विज्ञान हाय, पोरींनो."

मग त्यांनी मालिकेच्या लोकांना पत्र लिहिलं. तक्रारीचं नव्हे. वहीतले एकवीस प्रश्न, अनुक्रमांक घालून. मराठी मी तपासून दिलं. मालिका हिंदी आहे, पत्र तरी हिंदीत लिहा, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "दार ओढणारा मराठीच असंल."

खरोखरच मुंबईहून मराठीत उत्तर आलं. लिहिणारे कुलथे म्हणून कोणी होते, मालिकेची सजावट तेच करायचे. चार पानी पत्र होतं. अंगठी माझीच, असं त्यांनी पहिल्याच ओळीत कबूल केलं होतं. पुढं लिहिलं होतं की एका भागाला मिळतात तेवढ्या पैशात एक यान, अर्धा ग्रह आणि पाच बोलणारी माणसं बसतात. बोलणाऱ्या नटाचा दर मुक्या नटाच्या कितीतरी पट, म्हणून आमच्या परग्रहवाल्यांना तोंड असून उपयोग नाही. त्यांचे आवाज मागाहून एकच माणूस भरतो, कधी जाड, कधी बारीक. आणि तुम्ही जो डबा ओळखलात, त्यानं आमचा उरलेला अर्धा ग्रह उभा आहे. तो नसता तर आम्ही चौथ्याच भागात पृथ्वीवर परतलो असतो.

बाईंनी ते पत्र शाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. त्यांना फसवल्यासारखं वाटलं नव्हतं. उलट त्या माणसांबद्दल त्यांना माया वाटायला लागली होती. "पाह्य ना, अंड्याच्या ट्रेचं यान करून राहिले बिचारे अन् आपण घाबरून राहिलो."

पत्रं येत-जात राहिली. एकात कुलथ्यांनी लिहिलं की आता ग्रह संपत आले, त्याच स्टुडिओतली वाळू तिसऱ्यांदा रंगवतो आहे. बाईंनी उलट टपाली कळवलं, की पांढुर्ण्याच्या खाली आमच्या जाम नदीचं पात्र उन्हाळ्यात उघडं पडतं, काळे गोल दगड लांबवर, झाड दिसत नाही. दगडांची आमच्याकडे कधी कमी पडलेली नाही. भाडं लागणार नाही. भाकरी मी करीन.

मार्चच्या शेवटी ते आले. एक मेटॅडोर, सात माणसं. कुलथे माझ्या कल्पनेपेक्षा म्हातारे निघाले, पांढरी दाढी, बोटात तीच अंगठी. दिग्दर्शक हिंदी बोलणारे, सभ्य, न झोपल्यासारखे डोळे. कप्तानाचं काम करणारा नट टीव्हीवर उंच दिसायचा, इथे माझ्या खांद्याला लागत होता. आणि पूड बनवणाऱ्या कंपनीचे नागपूरचे प्रतिनिधी, पराते, स्कूटरवर दोन खोकी बांधून आले होते.

परग्रहवासी आमच्या शाळेच्या चार मुली होत्या, त्यांत मुख्य वंदना. घरच्यांना भेटून, परवानगी घेऊन बाईंनी त्यांना सावरगावी आपल्या माहेरी मुक्कामाला आणलं होतं. मीही गेले. चार दिवस आधीपासून बाई पोशाख करत होत्या. चहाच्या खोक्यांच्या आत जी चंदेरी पन्नी असते ती किराणा दुकानातून गोळा करून जुन्या परकरांवर टाचली. डोक्यावर सायकलच्या चाकाच्या तारा आणि त्यांच्या टोकांना रंगवलेले रिठे. चालताना ते रिठे असे थरथरायचे की कुलथे बघत उभे राहिले. मग त्यांनी वाकून एका मुलीचा परकर उलटा केला, आतली शिवण पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं." त्या क्षणी बाई लाजल्या. तसं त्यांना मी आधी पाहिलं नव्हतं.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलथ्यांनी त्या दिवसाच्या प्रसंगाचं पान बाईंच्या हाती दिलं. ते रात्री बदललं होतं. बाईंनी दगडावर बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं आणि मला दिलं.

ग्रहावरच्या लेकरांना हगवण-ओकारी लागली आहे. एक लेकरू मरायला टेकलं आहे. कप्तान डबा उघडतो, पूड पाण्यात कालवून पाजतो. लेकरू उठून उभं राहतं. ग्रहावरच्या आया हात जोडतात.

"हे नाई करता येत," बाई म्हणाल्या.

दिग्दर्शकांना वाटलं मुली दमल्या असतील. बाईंनी सांगितलं, मुली ठीक आहेत. पण आमच्या गावोगावी चैत्र-वैशाखात लेकरं हगवणीनं जातात. पाणी उडून जातं अंगातलं, मीठ उडून जातं. आम्ही नर्सबाईसोबत घरोघरी सांगत फिरतो, उकळून गार केलेलं पाणी द्या, त्यात साखर अन् चिमूटभर मीठ घाला, देतच राहा. लोक आता कुठं ऐकायला लागले. यांनी उद्या हे टीव्हीवर पाहिलं तर पाणी सोडून डबा शोधत फिरतील. ज्याच्यापाशी डब्याचे पैसे नाहीत तो काहीच करणार नाही.

पराते हसत पुढे आले. माणूस वाईट नव्हता, मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांच्यावरही वरून दडपण असणार.

"बाई, तुम्ही मनावर घेऊन राहिल्या. हे परग्रहाचं हाय. तिथलं पाहून इथं कोणी औषध करते का?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "कोणी नाई करत?"

"नाई ना."

"मंग तुमी डबा तिथं कायले ठेवून राहिले?"

कुलथे खाली बघत होते.

पराते म्हणाले, "माह्या हातात नाई बाई. उन्हाळ्याचा खप याच्यावर हाय. हा प्रसंग नाई झाला तं कंपनी या भागाचे पैसे देत नाई. मंग हे सातही जण तसेच परत जातील."

बाईंनी एक डबा मागितला. सवयीप्रमाणे उलटा करून तळ पाहिला, मग मागचा बारीक मजकूर भिंगातून वाचला. "साखर हाय. अजून साखर हाय. मीठ किती?"

"ते मले नाई माहीत."

"मलेबी नाई. लिहिलंच नाई." त्यांनी डबा परत केला. रागावल्या नव्हत्या. मग दिग्दर्शकांना म्हणाल्या की मी तुमचं नुकसान करत नाही, लेकरू पाडा, डबाही पाजा. पण ते हगवणीनं पडू नये. पळून पळून थकलेलं असू द्या. थकलेल्याला साखर-पाणी दिलं तर माझी हरकत नाही, ती खरी गोष्ट आहे.

दिग्दर्शकांनी उन्हाकडे पाहिलं. नटाची गाडी संध्याकाळी होती. परात्यांनी खांदे उडवले. "डबा दिसल्याशी मतलब," ते म्हणाले.

म्हणून तसं झालं. वंदना त्या काळ्या दगडांवरून पन्नीचा परकर सावरत इतकी जीव तोडून पळाली की खरंच धापा टाकत पडली. कप्तानानं तिला पाजलं. ती उठली. बाकीच्या तिघी चंदेरी आया होऊन हात जोडून उभ्या राहिल्या. कॅमेरा थांबल्यावर वंदनानं विचारलं, "बाई, आणखी पिऊ का? गोड हाय." सगळे हसले, पराते सगळ्यांत मोठ्यानं.

दुपारी जेवणानंतर आम्ही दोघी नदीच्या उरल्यासुरल्या धारेत पाय सोडून बसलो. बाई समोर सावरगावच्या घरांकडे बघत म्हणाल्या, "माही पोरगी दीड वर्साची होती. मी ट्रेनिंगले गेली होती. पाणी देऊ नका, आणखी हगंल, म्हणून सगळ्यांनी पाणी बंद केलं. कोणी वाईट केलं नाई. सगळ्यांनी मन लावून बंद केलं." एवढंच. मग त्या उठल्या आणि कुलथ्यांना कॅमेऱ्याची ट्रॉली आवरायला मदत करायला गेल्या. ती ट्रॉली कशावर सरकते ते त्यांना बघायचं होतं.

जाताना कुलथ्यांनी पोशाख इथेच ठेवले. पन्नी मुंबईला न्यायच्या भाड्यात तिथं नवी येते, म्हणाले.

तो भाग मेमध्ये लागला. आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीतून माणसं, ओट्यावर माणसं, वंदनाचे आई-वडील मोहगावहून आलेले. माझे यजमान छपरावर पाईप धरून उभे होते, त्यांना काहीच दिसणार नव्हतं. जाम नदी पडद्यावर आली तेव्हा कोणी ओळखली नाही. तांबडं आकाश आणि काळा ग्रह. मग वंदना पळाली, पडली, आणि बैठक "हाय, हाय" करू लागली.

तेवढ्यात तो आवाज आला. मागाहून भरलेला, बारीक केलेला. परग्रहवासी मनातल्या मनात सांगत होते की आमच्या लेकरांना जुलाब लागलेत, ओकाऱ्या होतायत, आमच्या ग्रहावर यावर इलाज नाही. वंदनाचे ओठ मिटलेले होते. मिटलेलेच राहणार होते, त्यांना तोंडाचे पैसे मिळाले नव्हते. डबा उघडला. नाव आमच्याकडे. लेकरू उठलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वंदनाची आई रडत होती, आनंदानं. मी स्टुलाकडे पाहिलं. बाई वहीत लिहीत नव्हत्या. वही मिटून तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "चित्र आपण धरून बसलो, पुष्पा. आवाज मोकळा सोडला."

आठ दिवसांनी कुलथ्यांचं पत्र आलं. आवाज भरताना मी नव्हतो, असतो तरी काही करू शकलो नसतो, असं लिहिलं होतं. बाईंनी उत्तरात लिहिलं की तुमच्यावर राग नाही, फक्त एक विचारायचं आहे: इथे ठेवलेले पोशाख आम्ही वापरले तर चालेल ना?

त्यापुढच्या मंगळवारी मोहगावच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगांच्या कडेला, एका टेबलावर परग्रहवासी उभी राहिली. चंदेरी परकर, डोक्यावर थरथरणारे रिठे. सुट्टी होती, वंदनाच्या घरच्यांची हरकत नव्हती. बातमी बाजारभर गेली की टीव्हीवरची आली. दहा मिनिटांत एवढी माणसं जमली की भाजीवाल्यांनी दुकानं मागं घेतली. बायका कडेवरची लेकरं वर उचलून दाखवत होत्या.

बाई टेबलाच्या बाजूला उभ्या होत्या, पुढं नाही. समोर पितळी तांब्या, ग्लास, साखर, मीठ.

"हे लेकरू पडलं होतं, पाह्यलं ना सगळ्यांनी?"

"पाह्यलं," लोक म्हणाले.

"डब्यानं उठलं असं टीव्हीनं सांगितलं. आता ते लेकरूच सांगंल. वंदना, बोल माय."

आणि वंदना, जी वर्गात कमी बोलायची आणि टीव्हीवर बोललीच नव्हती, ती मोठ्या आवाजात बोलली. पाणी उकळून गार करायचं. ग्लासात एक चमचा साखर, दोन बोटांत येईल एवढीच मिठाची चिमूट. आसवांपेक्षा खारट नको. ढवळून तिनं ते सगळ्यांसमोर घोट घोट प्यायलं. मग लोकांना चाखायला दिलं. एका म्हातारीनं घोट घेतला, जीभ फिरवली आणि म्हणाली, "बाई, आसवांहून खारट हाय हे." बाईंनी चाखलं, मान हलवली, ग्लास ओतून दिला आणि म्हातारीलाच नवा करायला लावला. तो जमला. सगळ्या बाजारानं तो म्हातारीच्या हातचा ग्लास पाहिला.

पाऊस लागेपर्यंत त्या असे बाजार करत राहिल्या. मोहगाव, तिगाव, पांढुर्णा. चौघी मुली आळीपाळीनं. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं, शाळेच्या मुलींना बाजारात नाचवता म्हणून कोणी चिठ्ठी पाठवली होती. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि मुख्याध्यापिकाबाईंना पुढच्या बाजाराला येण्याचं आमंत्रण दिलं. त्या आल्या नाहीत, पण पुढं काही बोलल्याही नाहीत. किती लेकरं वाचली ते मला सांगता येणार नाही. त्याची मोजणी कोणी केली नाही. नर्सबाई मात्र एकदा शाळेच्या फाटकाशी थांबून म्हणाल्या होत्या, आता मी घरात जाते तर बायाच मला विचारतात, आसवांएवढं खारट चालते का, का त्याहून कमी.

एकदा परातेही आले होते, तिगावच्या बाजारात. स्कूटर लांब लावून गर्दीच्या मागं उभे राहिले. सगळं ऐकून घेतलं. निघताना बाईंनी त्यांनाही अर्धा ग्लास दिला. त्यांनी तो पिऊन टाकला आणि हळू आवाजात विचारलं, "लहान लेकराले किती किती वेळानं द्यायचं?" त्यांच्या घरी बाळ होतं. बाईंनी त्यांना कागदावर लिहून दिलं.

मालिका संपली, शाळेचीही घरघर सुरू झाली. दोन वर्षांनी बाईंना छिंदवाड्याला नोकरी लागली आणि यजमानांनी तिकडे बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशी श्रावणातली झड होती, दोन दिवस न थांबलेली. मी बसस्टँडवर पोहोचले तेव्हा बस सुटायच्या बेतात होती. बाईंचे यजमान मागच्या सीटवर सामान धरून बसले होते. त्यांच्या शेजारची जागा रिकामी.

बाई पुढं ड्रायव्हरजवळ होत्या. काचेवरचा वायपर बंद पडला होता. ड्रायव्हरनं त्याला दोन दोऱ्या बांधून त्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आत घेतल्या होत्या, आणि ओढायला कोणी तरी हवं होतं. बाईंनी पदर खोचला होता आणि दोन्ही हातांत एकेक दोरी धरून त्या ड्रायव्हरला काहीतरी विचारत होत्या. तो हात हलवून समजावत होता. मी छत्रीतून हाक मारली. पावसाच्या आवाजात ती पोहोचली नसावी.

बस मागं सरली, वळली, माझ्यासमोरून निघाली. काच पाण्यानं पांढरी होती. मग दोरी ओढली गेली, काच पुसली गेली आणि बाईंचा चेहरा लख्ख दिसला, चष्मा कपाळावर, ओठ घट्ट मिटलेले, सगळं लक्ष त्या दोरीत. पाणी आलं, चेहरा गेला. पुन्हा ओढ, पुन्हा चेहरा. बस रस्त्याला लागेपर्यंत तो असा चार-पाचदा दिसला.